जेवून राहिलो!

बर्डीवर (सीताबर्डी असं अख्खं नाव नागपूरकर क्वचितच घेतो) दुसऱ्या माळ्यावरच्या एका खोलीत मी काही वर्षं इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतले. मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट. खाली तर्री-पोह्यांची गाडी लागे. सकाळच्या तुकडीचं अर्धं लक्ष त्या वासाकडेच, म्हणून एकदा धडाच खाण्यापिण्याचा घेतला.

'ईट', 'ड्रिंक' सर्वांनाच ठाऊक. पण घरगुती इंग्रजीचं तेवढ्यावर भागत नाही. तिथे क्रियापदाला शेपूट लागतं. 'ईट अप' म्हणजे पानातलं संपवणं. 'टक इन' म्हणजे संकोच न करता सुरुवात करा. 'वुल्फ डाऊन'मध्ये तर लांडगाच पंगतीला बसतो. 'वॉश डाऊन' म्हणजे घास पाण्याने किंवा चहाने खाली उतरवणं; धुण्याचा संबंध नाही. मुलं चिंतातुर चेहऱ्याने उतरवून घेत होती.

मागच्या बाकावर भंडाऱ्याकडचा एक मुलगा महिनाभर गप्प बसलेला. त्याला विचारलं, "घरी तुम्ही नुसतं 'खाता'च का रे?"

तो हसला. मग हाणणे, हादडणे, चेपणे, ओरपणे, मटकावणे अशी रांगच लागली. 'ढोसणे' आलं तेव्हा मुली खुदखुदल्या. आई रागावली की 'गिळ', लाडात असली की 'खाऊन घे', उशीर झाला की 'खाऊन टाक'. मी फळ्यावर 'ईट अप'समोर 'खाऊन टाक' लिहिलं. त्यांचं 'अप', आपलं 'टाक'. प्रत्येक ठिकाणी हिशेब असा जुळत नाही, पण इथे जुळला.

"सर, मग 'जेवून राहिलो' चुकीचं कसं?" त्याने विचारलं.

पुण्याला मुलाखतीसाठी गेला असताना तो आईशी फोनवर असं बोलला आणि आजूबाजूची पोरं हसली. तेव्हापासून परक्यांत त्याने मराठी बोलणंच सोडलं होतं. इंग्रजी शिकायला आला तो त्यासाठी.

खरं सांगायचं तर 'करून राहिला'वर लाल रेघ मीही अनेकदा मारली होती. त्या दिवशी मात्र म्हणालो, "अर्जात 'जेवत आहे' लिही. आईला जे सांगतोस तेच सांग. साहेबाच्या घरी आपण 'हाणलं' म्हणत नाही, तसंच हे."

वर्ग सुटल्यावर तो गाडीवर उभाच होता. दोन प्लेटा सांगून म्हणाला, "सर, टक इन करा."

तोंडात पोहे होते. म्हटलं, "करून राहिलो!"