एक हजार वॉट, एक पोस्टकार्ड

जानेवारीतल्या निरभ्र रात्री छत्रपती संभाजीनगरच्या छपरांवर एक अजब व्यवहार चाललेला असतो. सिडकोतल्या एखाद्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड असते. कुणी तिथे मोटार रिवायंडिंग करतं, कुणी फर्निचर, तर कुणी वाळूजच्या कारखान्यांसाठी छोट्या लेथवर जॉबवर्क. बाहेरची हवा १४ अंशांवर आलेली असते. जुना, रंग दिलेला पत्रा मात्र १४ अंशांवर थांबत नाही. तो सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. त्याची उष्णता मग जाते कुठे?

वर. थेट अवकाशात.

जगातली प्रत्येक वस्तू, मग ती दगड असो, पत्रा असो की आपला तळहात, सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातले बरेचसे किरण अडवतात. पण साधारण ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना वातावरणात एक खिडकी उघडी असते. आपल्या पत्र्याचे बरेचसे किरण नेमके याच लांबीचे असतात. समुद्रापासून दूर, साडेपाचशे मीटरहून उंच पठारावरच्या या शहरात हिवाळी हवा कोरडी असते. वाफ कमी, म्हणजे खिडकी आणखी मोकळी. दुपारी तीस अंशांच्या आसपास तापलेलं गाव पहाटे दहा-बारा अंशांवर येतं, त्यामागे ही उघडी खिडकी आहे.

आता त्या पत्र्याखाली कामाला बसलेल्या माणसाचा विचार करा. शांत बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं, आणि तिचा मोठा हिस्सा किरणांच्या रूपाने जातो. डोकं आणि खांदे पत्र्याकडे उष्णता पाठवतात, पत्रा ती आकाशाकडे पाठवतो. म्हणून थर्मामीटर १४ दाखवत असला, तरी अंगाला थंडी त्याहून जास्त जाणवते. शेडमधल्या कारागिराला गारठवणारी केवळ हवा नसते, छतही असतं.

हीटर घेण्याआधी हे कळलं की पहिला प्रश्न आपोआप समोर येतो. तापवायचं कुणाला, हवेला की माणसाला?

हवेला वगळून माणूस तापवता येतो, याचा छडा १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लावला. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून तो प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. न दिसणाऱ्या प्रकाशाचा तो पहिला पुरावा. रॉड हीटरसमोर उभं राहताच हात तापतात ते याच किरणांमुळे. मधली हवा गार असली तरी काही बिघडत नाही. भेगा असलेल्या, शटर अर्धं उघडं ठेवलेल्या शेडमध्ये तापवलेली हवा वर चढून पत्र्याला टेकते आणि निघून जाते. तिथे माणसाकडे सरळ किरण टाकणारा हीटर शहाणपणाचा वाटतो. दार-खिडक्या नीट लागणारी बंद खोली असेल, तर हवा तापवणारा ऑइल हीटर किंवा ब्लोअर उपयोगी पडतो.

दुकानात गेलं की मात्र गोंधळ सुरू होतो. हा विजेची बचत करतो, तो कमी विजेत जास्त ऊब देतो, असं सांगितलं जातं. इथे निसर्गाचा हिशोब फार सरळ आहे. विजेवर चालणारा कोणताही साधा रूम हीटर, स्वस्त असो की महाग, घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलतो. १००० वॉटचा रॉड आणि १००० वॉटचा ऑइल हीटर तासाभरात एकच युनिट खातात आणि तेवढीच उष्णता देतात. फरक असतो तो ती उष्णता किती जागेत कोंबलेली आहे याचा.

हा फरक आकड्यांत मांडला की माणूस चकित होतो. तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे किरण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतात. योझेफ स्टेफानने १८७९ मध्ये हे प्रयोगांच्या आकड्यांवरून ओळखलं, आणि लुडविग बोल्ट्झमनने १८८४ मध्ये ते सिद्धान्तातून काढून दाखवलं. या सूत्राने पाहिलं तर ८०० अंश सेल्सियसला तापलेल्या पृष्ठभागाला १००० वॉट बाहेर टाकायला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर जागा पुरते. म्हणजे जेमतेम एक पोस्टकार्ड. तेच १००० वॉट ८० अंशांच्या पृष्ठभागातून बाहेर काढायचे, तर किरण आणि हवा दोघांची मदत धरूनही साधारण एक चौरस मीटर जागा लागते. ऑइल हीटरला एवढी पाती का असतात, त्याचं उत्तर इथे आहे. त्यातलं तेल जळत नाही. ते आत फिरून उष्णता सगळ्या पात्यांवर पसरवतं, इतकंच.

वॉट तेवढेच, सेल्सियस अंश दहापट वेगळे. सुरक्षिततेचा सगळा विचार या एका वाक्यातून निघतो, कारण आग वॉट मोजत नाही. ती तापमान पाहते.

आणि तापमान ओळखायला आपल्याजवळ एक फुकटचं यंत्र आहे, आपले डोळे. जॉन विल्यम ड्रेपर याने १८४७ मध्ये दाखवून दिलं, की लोखंड असो वा आणखी काही, घन वस्तू अंधारात अंधुक लाल दिसू लागतात त्या साधारण ५२५ अंशांना. पदार्थ बदलला तरी हा उंबरठा जवळपास तोच राहतो. म्हणजे रॉड लाल दिसला, की तो ५२५ च्या वर आहे हे नक्की. भडक नारिंगी झाला, तर बराच वर.

आता त्या लाल रॉडशेजारी वर्कशॉपमधल्या फळीवरचे डबे ठेवून पाहा. रंगकामाच्या थिनरमध्ये सापडणारं टोल्युइन सुमारे ४८० अंशांना ठिणगीशिवाय स्वतःहून पेटू शकतं, अॅसिटोन ४६५ च्या आसपास. पेट्रोलला तर तीनशेही लागत नाहीत. त्यात या द्रवांची वाफ थंडीतही तयार होत राहते. टोल्युइनवर पेट घेण्याजोगी वाफ साचायला ४-५ अंश पुरतात, अॅसिटोनला शून्याखाली वीस अंशही चालतात. आणि या वाफा हवेपेक्षा जड. अॅसिटोनची दुप्पट, टोल्युइनची तिप्पट. त्या नाकापर्यंत येण्याआधी फरशीवरून पसरतात. हीटर नेमका फरशीवरच ठेवलेला असतो.

म्हणून रंग, पॉलिश, थिनर किंवा पेट्रोलने पार्ट धुण्याचं काम चालू असताना शेडमध्ये कोणताच हीटर चालू नको. लाल न दिसणारा ऑइल हीटरही नको, कारण त्याचा थर्मोस्टॅट टिक करून चालू-बंद होतो तेव्हा आत बारीक ठिणगी पडते. आधी काम संपवावं, शटर उघडून वास पूर्ण जाऊ द्यावा, डबे झाकून बाहेर ठेवावेत आणि मगच बटण दाबावं. सुतारकामाच्या जागी शत्रू वेगळा आहे. भुशाची बारीक धूळ लाल रॉडवर बसली की करपते आणि निखारा होऊन उडू शकते. ब्लोअर ती धूळ आत ओढून तापलेल्या तारांवर नेऊन टाकतो. तिथे मोठ्या, कमी तापणाऱ्या पात्यांचा ऑइल हीटर बरा, आणि तोही रोज झटकलेला.

ज्यांचं टेबल कोरडं आहे, म्हणजे सोल्डरिंग, वाइंडिंग, घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्ती, त्यांच्यासाठी बाजारात एक छोटासा चमत्कार मिळतो. तो म्हणजे पीटीसी सिरॅमिक हीटर. यात नायक्रोमची तार नसते. बेरियम टायटॅनेटच्या चकत्या असतात. हा स्फटिक एका ठरावीक तापमानाला, शुद्ध रूपात सुमारे १२० अंशांना, आपली अंतर्गत रचना बदलतो. त्यात योग्य भेसळ केली तर त्या टप्प्यावर त्याचा विद्युत्‌रोध हजारो पटींनी वाढतो. शिसं मिसळून हा टप्पा वर सरकवताही येतो. १९५० च्या दशकात हा गुण हाती आला. त्याचा परिणाम विलक्षण आहे. समजा पंखा बंद पडला किंवा जाळीवर फडकं पडलं. चकती तापू लागते, पण तापताच तिचा रोध चढतो, प्रवाह उतरतो आणि ती स्वतःलाच आवरते. साधी तार अशा वेळी तापतच जाते आणि एखाद्या वेगळ्या कटआउटने थांबवण्याची वाट पाहते. इथे लगाम पदार्थाच्या अणुरचनेतच आहे. गंमत म्हणजे याच बेरियम टायटॅनेटचे कपॅसिटर त्या कारागिराच्या टेबलावर सर्किट बोर्डांत बसलेले असतात.

हीटर कितीही चांगला असला तरी धोका पुष्कळदा भिंतीजवळ दबा धरून असतो. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. आपल्या घरातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. मोठ्या हीटरला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो आणि त्याला साजेशी जाड तारही. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हा जेम्स जूलचा १८४१ चा नियम. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. समजा एक्स्टेन्शन बोर्डची एक पिन सैल आहे आणि तिथे अर्धा ओम रोध तयार झाला आहे. ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॉट. घरगुती सोल्डरिंग आयर्न बहुतेकदा २५ वॉटची असते. म्हणजे तिच्याहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या बोर्डात एका बिंदूवर, कुणाला न दिसता, तासन्‌तास. एमसीबी पडत नाही, कारण एकूण प्रवाह तर नेहमीचाच असतो. म्हणून हीटर एक्स्टेन्शनवर नको, सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये हवा. पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला, तर हीटर बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

विजेचा हा सारा खटाटोप टाळून कोळशाची शेगडी आत घ्यावी, असं अनेकांना वाटतं. निखारा फुलला, धूर गेला, आता काय धोका? याचं उत्तर शहरापासून १५ किलोमीटरवर खडकात कोरून ठेवलेलं आहे. दौलताबादच्या किल्ल्यात, यादवांच्या देवगिरीत, वर जाणारी वाट ‘अंधारी’ नावाच्या भुयारातून जाते. शत्रू त्या काळोखात शिरला की वरच्या तोंडाशी आग पेटवायची, आणि भुयार तप्त धुराने भरून टाकायचं, अशी ती योजना होती. आगीला वारा मिळावा म्हणून खडकात झरोकाही ठेवलेला आहे. तिथे तलवारीचं काम बंद जागेतल्या ज्वलनाने करायचं होतं. त्याच किल्ल्यात शाही हमामही आहे. हमामांची रीत नेमकी उलटी असते. भट्टी एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. आत येते ती फक्त ऊब, जळण्यातून निघालेला वायू नाही.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच असल्याने तो वर जात नाही की खाली बसत नाही, सगळीकडे सारखा मिसळतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोप आली म्हणून माणूस उठत नाही. धूर गेलेला निखाराच जास्त फसवा, कारण खोकला येत नाही. शेगडी, रॉकेलचा हीटर, गॅसचा हीटर, सगळ्यांना बंद शेडमध्ये मज्जाव हवा.

गॅस हीटरची आणखी एक गंमत लेथवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, कारण त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो. १४.२ किलोचं एक सिलिंडर म्हणजे २२-२३ लिटर पाणी, वाफेच्या रूपात, शेडच्या हवेत. ही वाफ सगळ्यांत थंड जागा शोधते. पत्र्याला आतून दव धरतं, लेथच्या बिडाच्या बेडवर ओल येते, आणि काही दिवसांत त्यावर गंजाची पहिली छटा दिसते. विजेचा हीटर हवेत पाण्याचा एक थेंबही घालत नाही.

दुकानात उभं राहिल्यावर मग काय पाहायचं? आयएस ३०२ मालिकेचा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह. कलंडल्यावर स्वतः बंद होणारा स्विच. वर्कशॉपमध्ये वायरीत पाय अडकतोच. जास्त तापल्यावर प्रवाह तोडणारा कटआउट. तीन पिनांचा प्लग, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच; धातूच्या यंत्रांमध्ये आणि ओलसर फरशीवर तो जीव वाचवतो. हीटरच्या चहूबाजूंना मीटरभर जागा मोकळी ठेवावी. आणि माणूस शेडबाहेर पडला की हीटर बंद, मग चहाला पाचच मिनिटं का जायचं असेना.

त्याआधी मात्र एकदा वर पाहावं. पत्र्याखाली थोडी फट सोडून चकचकीत अॅल्युमिनियमच्या पातळ थराची छत-शीट ताणून लावली, तर छत आपल्या अंगाची उष्णता पिणं जवळजवळ सोडून देतं. रंगवलेला पत्रा त्याच्यावर पडणाऱ्या अवरक्त किरणांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास शोषतो. स्वच्छ अॅल्युमिनियम दहा टक्केही शोषत नाही, बाकीचे परत आपल्याकडेच पाठवतं. हीच शीट मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची आग डोक्यावर येऊ देत नाही. ती लावल्यावर दोन हजार वॉटच्या जागी हजार वॉटवर भागू शकतं. मग हीटरही छोटा घेता येतो, आणि तारेवर पडणारा उष्णतेचा भार, जूलच्या हिशोबाने, एक चतुर्थांशावर येतो.