डोळ्यात वायू असताना विमान का नको?

घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरते. सुटलेलं दृष्टिपटल जागेवर चिकटेपर्यंत आधार म्हणून शस्त्रक्रियेत कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. दुबईहून भारतात येऊन ती करून घेणाऱ्याने परतीचं तिकीट घाईने काढू नये. विमानात दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्याइतका उतरू शकतो. बुडबुडा पसरू पाहतो, पण डोळा पाकिटासारखा फुगत नाही; आतला दाब चढून रक्तपुरवठा तुटतो, दृष्टी कायमची जाऊ शकते. वायूनुसार बुडबुडा दोन ते आठ आठवडे राहतो. तो पूर्ण विरल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत मुक्काम धरावाच. वायूऐवजी सिलिकॉन तेल भरल्यास ही अडचण नसते, पण ते काढायला बहुधा पुन्हा यावं लागतं.