बंदुकीचा परवाना, नियम तीन आणि आपण

"काका, जयभीम. एक फॉर्म भरून पाहिजे होता."

संध्याकाळी सातच्या सुमारास दारात उभा राहिलेला तरुण ओळखीचा होता. सुप्याच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर कामाला, गाव इथून काही कोसांवर. आमच्याकडे अशी मंडळी नेहमीच येतात. कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाचे फंडाचे पैसे, कोणाच्या आजीचा निराधार योजनेचा पगार. बी.कॉम. होऊन कारकुनी करणाऱ्या माणसाने समाजासाठी दुसरे काय करावे? अर्ज लिहावेत. आम्ही चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि विचारले, "कसला फॉर्म?"

"बंदुकीच्या परवान्याचा."

आमचे पेन हातातच राहिले. पोराने हकिकत सांगितली. शेताच्या बांधावरून वाद. समोरच्या घरात परवान्याची बारा बोअरची बंदूक. "ते काही बोलत नाहीत, काका. आमचे वडील रस्त्याने निघाले की ओट्यावर बसून नुसती बंदूक पुसत राहतात."

पोलिसात काय लिहून द्यायचे? बंदूक पुसणे हा काही गुन्हा नाही. पण ज्याच्या दारावरून जायचे असते त्याला त्या पुसण्याचा अर्थ कळतो. वडिलांनी दोन आठवडे शेताचे तोंड पाहिले नव्हते. आम्ही त्या रात्री फॉर्म भरला नाही. "रविवारी ये," म्हणालो आणि वाचायला बसलो. जे वाचले, जे आठवले, ते वाचकांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न एकट्या त्या पोराचा नाही.

बाबासाहेब काय म्हणाले होते?

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची बंदी आणि गोऱ्यांना मात्र सूट. देशाच्या पुढाऱ्यांना हा अपमान वाटला, तो योग्यच होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली.

बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, ज्याला त्याला बाजारातून हवे ते हत्यार घेता येऊ लागले तर राज्यकारभार चालणार कसा? हा हक्क सरसकट सर्वांना देता येणार नाही. देश स्वतंत्र झाल्यावर भाषा कर्तव्याची हवी. राज्यावर संकट आले तर सरकारने प्रत्येक नागरिकाला शस्त्र घेऊन उभे राहण्यास सांगावे. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला, बंदुकीचा दिला नाही.

हे शस्त्राला घाबरणाऱ्या माणसाचे बोलणे नव्हते. बाबासाहेब सुभेदार रामजींचे चिरंजीव. आमच्या सुप्यावरून जो नगर-पुणे रस्ता जातो, त्याच रस्त्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ आहे. तेथे १ जानेवारी १९२७ रोजी ते गेले होते. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा तिच्याविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीने अर्ज-विनंत्या केल्या, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. त्यांना आपल्या माणसाच्या हाती शस्त्र हवे होते, पण ते गणवेशातले, शिस्तीतले आणि कायद्याला जबाबदार असलेले.

नियम तीनमध्ये काय आहे?

आता प्रश्न असा की, राज्यच जर आपले रक्षण करीत नसेल तर? याचे उत्तर कायद्यातच एका कोपऱ्यात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला तिसरा नियम प्रत्येक विहारात मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे.

जिथे अत्याचार घडण्याची भीती आहे ती गावे सरकारने ओळखावीत. तिथल्या सुरक्षेचा आढावा घ्यावा. गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे आणि त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे, मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि गरज वाटल्यास जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत.

क्रम नीट पाहा. आधी समोरच्याची बंदूक काढून घेणे, मग आपल्याला परवाना देणे. आपली पोरे शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात आणि वरच्या ओळी सोडून देतात.

अमेरिकेतील धडा

बंदुकीच्या हक्काची सर्वांत मोठी चळवळ अमेरिकेत आहे. तिथल्या घटनेत १७९१ पासून हा हक्क आहे, आणि प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा वेगळा. म्हणून भांडण राज्याराज्यांत चालते. न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये परवान्याचा कडक कायदा केला. जवळ पिस्तूल घेऊन फिरायचे तर खास कारण सिद्ध करा, ही अट जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. राज्याने काही दिवसांतच नवा कायदा करून शाळा, बागा, रेल्वे अशा ठिकाणी बंदुकीला बंदी घातली. बंदूकवाल्यांच्या संघटना लगेच पुन्हा कोर्टात गेल्या.

गंमत अशी की, त्या जुन्या कायद्याविरुद्ध गरिबांचे खटले चालवणारे काळे वकीलही कोर्टात उभे होते. त्यांचे म्हणणे, कायदा कागदावर सगळ्यांना सारखा, पण परवान्याशिवाय पिस्तूल बाळगले म्हणून तुरुंगात जातात ती आमचीच पोरे.

इतिहासही तेच सांगतो. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. अहिंसेच्या या पुजाऱ्याने त्यानंतर पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. कॅलिफोर्नियात १९६७ पर्यंत भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणे कायदेशीर होते. ब्लॅक पँथरचे तरुण कायद्याने बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले आणि मे १९६७ मध्ये बंदुकांसह विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. बंदुकीच्या हक्काची पाठराखण करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनने त्या बंदीला पाठिंबाच दिला.

ज्या पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली, त्यांचा हा अनुभव. बंदुकीचा हक्क सगळ्यांचा असे म्हणणारे लोक, ती बंदूक शोषिताच्या हातात दिसताच कायदा बदलायला निघाले.

आपल्याकडे बंदूक कोणाच्या हातात?

आपल्याकडेही अशी चळवळ आहे. नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया ही संघटना परवानाधारकांची बाजू मांडते. कायदा पाळणाऱ्याला कागदपत्रांत अडकवता आणि गुंड मात्र गावठी कट्टा घेऊन फिरतो, असा या मंडळींचा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून एकवर आणण्याचे विधेयक मांडले. वडिलोपार्जित बंदुकांवरून ओरड झाली आणि शेवटी मर्यादा दोनवर ठरली. ज्यांच्या घरात एकही नाही, त्यांच्या बाजूने त्या गदारोळात कोण बोलले?

शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने असल्याचे सगळ्या महाराष्ट्राने वाचले. मग तपासणी झाली, परवाने रद्द होऊ लागले. एक बळी जाईपर्यंत ही तपासणी का थांबली होती?

बिहारात १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयातून सगळे आरोपी सुटले. आपल्या जिल्ह्यातले खर्ड्याचे प्रकरण तर आपल्या काळजात रुतलेले आहे. एप्रिल २०१४ मध्ये शाळकरी मुलाची हत्या झाली, साक्षीदार फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. घरात एक पिस्तूल असते तर शाळेत गेलेला मुलगा वाचला असता का? साक्षीदार कोर्टात टिकला असता का? आमचे मन म्हणते, नाही. तिथे हवे होते ते साक्षीदाराचे संरक्षण. ते २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीत हक्क म्हणून लिहिले गेले आहे. वापरले किती जाते, हे आपण विचारायचे आहे.

जमा-खर्च

रविवारी तो तरुण बायकोला घेऊन आला. कारकुनाच्या सवयीने आम्ही कागदावर दोन रकाने पाडले. रिव्हॉल्व्हरची किंमत लाखाच्या घरात. म्हणजे कंत्राटी कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार. शिवाय काडतुसे, नूतनीकरण, प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करण्याचे हेलपाटे.

"आणि दोन पोरं आहेत, ते कुठं लिहिलं?" त्याची पत्नी म्हणाली. "आमच्या घराला एकच खोली, एकच कपाट, आणि त्याला कुलूप नाही. ह्यांना राग आला की भांडी फेकतात. उद्या भांड्याच्या जागी ते असलं तर?"

तो मान खाली घालून बसला. आम्हीही गप्प झालो. इतके कायदे वाचले, पण हा रकाना आमच्या लक्षात आला नव्हता. बंदूक शत्रूसाठी आणतात, पण राहते ती घरात. दारू, कर्ज, नैराश्य, नवरा-बायकोची भांडणे ज्या घरात आहेत, तिथे तिचे तोंड कोणाकडे वळेल हे सांगता येत नाही.

मग करायचे काय?

अर्ज करण्याचा हक्क सोडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी मागा. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, हे साहेबाला ठणकावून सांगा.

पण त्याच्या आधी दुसरा अर्ज करा. नियम तीनचा उल्लेख करून जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांना लिहा की, अमुक ठिकाणी वाद आहे, समोरच्याकडे शस्त्र आहे, त्याचा परवाना तपासावा व शस्त्र जमा करून घ्यावे. पोच घ्या, तारीख घ्या. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि कोठेही गावठी कट्टा दिसला तर आपल्या पोरांना त्याच्यापासून लांब ठेवा. त्या कट्ट्याने संरक्षण होत नाही, जामीन मात्र अवघड होतो.

त्या दिवशी आम्ही दोन अर्ज लिहिले. एक बांधाच्या मोजणीचा, दुसरा नियम तीनचा. परवान्याचा कोरा फॉर्मही त्याला दिला, कारण निर्णय त्याचा आहे. महिनाभराने पोलीस गावात येऊन गेले, दोन्ही बाजूंचे जबाब झाले. बंदूक जमा झाली की नाही हे अजून लेखी कळलेले नाही, स्मरणपत्र पाठवले आहे. पण वडील आता शेतात जातात. ओट्यावर कोणी काही पुसत बसलेले नसते.

परवान्याचा कोरा फॉर्म त्याने परत आणून दिला नाही. आम्हीही मागितला नाही. बायकोने मात्र कपाटाला कुलूप आणले आहे. त्यात मुलांचे दाखले आणि दोन्ही अर्जांच्या पोच ठेवल्या आहेत.