काकांची बोट

आमच्या पांढुर्ण्यात समुद्राचे नाव काढले की लोक हसतात. येथे पाणी म्हणजे जाम नदी. तीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीपुरती चार प्रांतांत गाजते. एरवी तिची फारशी कोणी वास्तपुस्त करीत नाही. अशा गावातून आमचे धाकटे काका १९५४ साली नागपूरच्या गाडीत बसले, पुढे मुंबईस गेले आणि नौदलात भरती झाले. आजीने तीन दिवस चूल पेटवली नाही, असे घरात सांगत. संत्र्याच्या बागेत वाढलेला मुलगा पाण्यावर काय करणार, हा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. काकांनी समुद्र फारसा पाहिलाच नाही. त्यांची नोकरी बोटीच्या पोटात, बॉयलरवर.

ती बोट म्हणजे 'राजपूत'. वर्तमानपत्रांत तिला विनाशिका म्हणत. काकांच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही. ते नुसते 'माझी बोट' म्हणत. आज तिच्याविषयी लिहावयास बसलो आहे त्याचे कारण असे की, गावाने त्या बोटीची एक कथा पन्नास वर्षे सांगितली, आणि तिची दुसरी, अधिक खरी कथा कोणीच सांगितली नाही.

'राजपूत' आपल्याकडे आली ती पहिल्या नावासकट आयुष्याची सात वर्षे उलटून. तिचे मूळचे नाव 'रॉदरहॅम'. स्कॉटलंडात क्लाइडबँक येथे जॉन ब्राउन कंपनीच्या ज्या गोदीत 'क्वीन मेरी' हे प्रचंड प्रवासी जहाज बांधले गेले, त्याच गोदीत तिचा जन्म झाला. २१ मार्च १९४२ रोजी तिला पाण्यात सोडले. ही तारीख लक्षात ठेवावी. त्याच्या पाचच आठवडे आधी, १५ फेब्रुवारीस, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले होते. इंग्रजांचा पूर्वेकडचा सर्वांत मोठा आरमारी तळ गेला आणि हजारो हिंदी सैनिक कैदेत पडले.

बोट लांबीला सुमारे ३५८ फूट, रुंदीला जेमतेम ३६. म्हणजे एखाद्या सुरीसारखी. ४.७ इंची चार तोफा, टॉर्पेडोच्या आठ नळ्या, पाणबुडीवर टाकावयाचे स्फोटक पिंप, आणि हे सगळे वाहून नेण्यासाठी चाळीस हजार अश्वशक्तीची वाफेची यंत्रे. तासाला छत्तीस सागरी मैलांचा वेग कागदावर होता. चिलखत मात्र नाही. मोठ्या लढाऊ जहाजासारखा तिने मार खाऊन उभे राहावे अशी अपेक्षाच नव्हती. तिने ताफ्याच्या भोवती धावावे, पाणबुडीचा माग काढावा, जरूर तर अंगावर जावे, आणि वेगाच्या जोरावर निभावून न्यावे.

हा वेग कोठून येई, ते काकांकडून ऐकावे. बॉयलरखोलीत पंख्यांनी हवा दाबून भरलेली असे. म्हणून आत जाताना दोन दारे. एक बंद केल्याशिवाय दुसरे उघडावयाचे नाही, नाहीतर भट्टीतली ज्वाळा बाहेर झेप घेई. तेल फवाऱ्यांतून भट्टीत जाई. हवा कमी पडली तर धुराड्यातून काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. आणि दोन्ही वेळा वरून शिव्या, कारण धूर म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता. "आपल्या चुलीसारखंच आहे रे," काका म्हणत, "फक्त फुंकणी मोठी." वर लढाई आहे की कवायत, हे खाली कळत नसे. घंटा वाजे, काटा फिरे, आणि तेवढी वाफ द्यावयाची. काम संपले की टांगलेल्या झोळीत झोप. पेन्शनीत आल्यावरही काकांना पलंगावर नीट झोप लागत नसे. अंगणातल्या कडुलिंबाला त्यांनी एक झोळी बांधली होती, आणि गल्लीतली पोरे तिलाच 'बोट' म्हणत.

महायुद्धात 'रॉदरहॅम'चा बराचसा काळ आपल्याच हिंदी महासागरात गेला. १९४४ पासून सिंहलद्वीपातल्या त्रिंकोमाली बंदरातून इंग्रजांचे पूर्वेकडचे आरमार सुमात्रा आणि अंदमान-निकोबारकडे हल्ले करू लागले. विमानवाहू जहाजांभोवती राखणीचे काम अशा विनाशिकांचे. या कामात नाव होत नाही. मे १९४५ मध्ये पेनांगजवळ 'हागुरो' ही जपानी क्रूझर पाच इंग्रज विनाशिकांनी रात्री गाठून बुडवली. आरमारी इतिहासात ती लढाई मानाने सांगतात, आणि त्या पाचांत 'रॉदरहॅम' नाही.

तिच्या वाट्याला दुसरेच काही आले. जपान शरण गेल्यावर सप्टेंबर १९४५ च्या पहिल्या आठवड्यात इंग्रज फौजा सिंगापुरात परतल्या. माउंटबॅटन यांनी १२ तारखेस नगरपालिकेच्या इमारतीत शरणपत्र स्वीकारले, ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पण बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा तो आरमारी तळ, ज्याच्या जाण्याने साम्राज्याची अब्रू गेली होती, तो जपान्यांकडून ताब्यात घेण्याचे काम 'रॉदरहॅम'च्या कप्तानाने केले. तळाच्या एका दरवाजाला पुढे तिचे नाव मिळाले. तळ पडल्यावर पाच आठवड्यांनी जी बोट पाण्यात उतरली, तीच साडेतीन वर्षांनी तो परत घेण्यास गेली, आणि तेथे एकही तोफ डागावी लागली नाही.

स्वातंत्र्य आले तेव्हा आपल्या नौदलापाशी एकही विनाशिका नव्हती. होत्या त्या लहान बोटींचीही पाकिस्तानशी वाटणी झाली. १९४८ मध्ये 'अकिलीस' क्रूझर 'दिल्ली' होऊन आली आणि पाठोपाठ १९४९ मध्ये एकाच जातीच्या तीन विनाशिका: 'रॉदरहॅम', 'रिडाउट', 'रेडर'. त्यांची अनुक्रमे 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' झाली. आद्याक्षर जपले, हे चतुर खरे. मला मात्र गंमत वाटते ती वेगळीच. ज्या एक-दोन वर्षांत आपली संस्थाने एकामागून एक विलीन होत होती, दरबार मिटत होते, त्याच वर्षांत दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याने इंग्रजांच्या जुन्या बोटींना ही दरबारी थाटाची नावे दिली. जमिनीवरून उतरलेले राणे पाण्यावर चढले म्हणावयाचे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या पथकात 'राजपूत' होती. काका बोटीवर होते. गोवा दिसला का, असे विचारले तर म्हणत, "प्रेशर दिसलं. अडीचशेवर स्थिर होतं."

१९६५ च्या युद्धात 'गाझी' हे नाव नौदलात सर्वतोमुखी झाले. अमेरिकेत बांधलेली 'डियाब्लो' नावाची ही पाणबुडी पाकिस्तानला मिळाली होती; तेव्हा त्यांच्याकडे ती एकच, आणि आपल्याकडे एकही नाही. द्वारकेवर रात्री तोफा डागल्या गेल्या त्या वेळी ती मुंबईच्या बाहेर आपल्या बोटींची वाट पाहत दबून होती. पुढल्या वर्षी काकांची बारा वर्षे भरली आणि ते घरी आले.

मग १९७१. ३ डिसेंबरच्या रात्री, बाराच्या सुमारास, 'राजपूत' विशाखापट्टणच्या बंदरातून बाहेर पडली. 'गाझी' खऱ्या अर्थाने शोधीत होती 'विक्रांत'ला. आणि व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी 'विक्रांत' अंदमानात लपवून, ती विशाखापट्टणजवळच आहे असा भास बिनतारी संदेशांनी उभा केला होता. त्या नाटकात 'राजपूत'लाच 'विक्रांत'चे सोंग दिले होते. बंदराच्या तोंडाशी पाण्यात काही खळबळ दिसली. कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी वेग वाढवून दोन स्फोटक पिंपे टाकली. उथळ पाण्यात आपल्याच स्फोटात बोट सापडू नये, म्हणून तो वेग. काही मिनिटांनी एवढा मोठा धमाका झाला की शहरातल्या घरांच्या खिडक्या हादरल्या. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना समुद्रात तेलाचे तवंग आणि मोडतोड दिसली. 'गाझी' नव्वदाहून अधिक माणसांसह तळाशी गेली होती.

रेडिओवर ही बातमी काही दिवसांनी आली. काका घरात असूनही जणू बोटीवरच होते. गल्लीत पेढे वाटले गेले.

येथून पुढचे लिहिणे अवघड आहे. 'राजपूत'ने 'गाझी' बुडवली, असे आपण म्हणतो. पाकिस्तान म्हणते, ती आपल्याच सुरुंगांनी किंवा आतल्या स्फोटाने गेली. बुडालेल्या सांगाड्याची पाहणी झाली. पुढचा भाग फुटला आहे तो आतून बाहेर, असे जाणकारांनी सांगितले. आपल्या नौदलाच्या इतिहासातही एकाहून अधिक शक्यता नोंदलेल्या आहेत. पिंपांच्या धक्क्याने आतले सुरुंग पेटले असतील, किंवा दोन्ही गोष्टी काही मिनिटांच्या अंतराने आपापल्या घडल्या असतील. गोटमारीत पळसावरचा झेंडा खाली आला की नेमकी कोणाची कुऱ्हाड लागली यावर पांढुर्णा आणि सावरगाव दोघेही वर्षभर बोलतात. तेथे निदान पाहणारे हजारो असतात. समुद्राच्या तळाशी कोण पाहणार?

१९९६ साली युद्धाला पंचवीस वर्षे झाली म्हणून गावात काकांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मुलींचे स्वागतगीत. वक्त्यांनी सांगून टाकले की 'गाझी' बुडवणारा वीर आपल्या गावचा आहे. काका उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. म्हणाले, "मी सहासष्ट सालीच घरी आलो होतो. त्या रात्री मी बागेत पाणी देत होतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो विनय वाटला. काकांनी पुन्हा सांगून पाहिले, पुन्हा टाळ्या. घरी येताना ते एक शब्द बोलले नाहीत. शाल त्यांनी कधी अंगावर घेतली नाही. ती अजून ट्रंकेत आहे.

बोट १९७६ मध्ये सेवेतून निघाली आणि मोडीत गेली. १९८० मध्ये सोव्हिएत संघात बांधलेली दुसरी 'राजपूत' आली, तीही २०२१ मध्ये निवृत्त झाली. जुनीचे मला हाती लागले ते कागदच. सिंगापूरची हकीकत त्यांतूनच कळली, तेव्हा काका अंथरुणास खिळले होते. मी त्यांना सगळे वाचून दाखवले: तारखा, तळ, कप्तान, दरवाजा. बारा वर्षे ज्या बोटीत ते राहिले, तिने हे केले होते आणि त्यांना कोणी सांगितले नव्हते. 'गाझी'चा संशयही त्याच बैठकीत सांगितला, कारण तो लपवून हे सांगणे मला जमेना.

त्यांनी 'गाझी'बद्दल काही विचारले नाही. डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिले. मग म्हणाले, "सिंगापुरात शिरताना बॉयलरवर कोण होतं, ते लिहिलंय का रे त्यात?"

मी पाने पुन्हा चाळली. लिहिलेले नव्हते.