उद्यमनगराचं गणित आणि ग्राफिक्स कार्डाचा ताप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून कधी सायकलवरून गेला आहात का? लेथची घरघर, ऑइलचा वास आणि दारातच पडलेले ओतीव लोखंडाचे सुटे भाग. विजेच्या मोटारी गावोगाव पोचण्यापूर्वी पंचगंगेच्या काठाला ऑइल इंजिनं धडधडायची आणि नदीचं पाणी उसाला चढवायची. ती इंजिनं घडवण्यात आणि दुरुस्त करण्यात उद्यमनगरातल्या मेस्त्रींचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, लेख कॉम्प्युटरच्या गेमवर आणि हे इंजिनपुराण कशाला? जरा थांबा. ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवायला गेलं की जो प्रश्न समोर येतो, तोच प्रश्न त्या मेस्त्रींसमोरही असायचा. गंमत म्हणजे गणितही जवळजवळ तेच आहे!

इंजिनावर एक पाटी असते. तिच्यावर मिनिटाला किती फेरे हे लिहिलेलं असतं, समजा 1500. हा आकडा ओलांडू न देण्याचं काम गव्हर्नर नावाचा भाग करतो. आता एखाद्याला वाटलं, गव्हर्नर थोडा पिळावा, फेरे दहा टक्के वाढवावेत, पाणी जास्त येईल. येतंही. साधारण दहा टक्के जास्त. पण तेवढ्यासाठी पंपाला लागणारी ताकद दहा टक्क्यांनी वाढत नाही, ती ढोबळमानाने 33 टक्क्यांनी वाढते! कारण ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, कागदावर करून बघा, उत्तर 1.331 येतं. म्हणजे पाणी थोडंसं जास्त. डिझेल आणि उष्णता मात्र कितीतरी जास्त. मग इंजिन तापतं, आणि फारच तापलं तर पिस्टन जागच्या जागी जाम होतो.

हा 1.331 लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

हलगी आणि लेझीम

गेम खेळताना पडद्यावर जे चित्र दिसतं, ते बारीक ठिपक्यांचं असतं. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर 1920 आडवे आणि 1080 उभे, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर 12 कोटी 44 लाखांहून जास्त ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. हे काम ग्राफिक्स कार्डावरची चिप करते. 2021 मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 या कार्डात असे हिशेब करणारे 3584 छोटे गडी आहेत.

एवढे गडी एका तालात कसे चालतात? शाळेतलं लेझीमचं पथक आठवा. पुढे हलगीवाला, मागे मुलं. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला एक हालचाल. चिपमध्येही असा ठोका असतो, त्याला क्लॉक म्हणतात. फरक इतकाच, की 3060 मध्ये हे ठोके सेकंदाला पावणेदोनशे कोटींच्या घरात पडतात (कंपनीनं सांगितलेला आकडा आहे 1777 मेगाहर्ट्झ). हा ठोका कंपनीनं सांगितल्यापेक्षा जास्त वेगानं वाजवायचा, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग.

हलगी थोडी जलद झाली तर पथक निभावून नेतं. आणखी जलद झाली की मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाचा हात वर जायच्या आत पुढचा ठोका पडतो. चिपमध्येही तसंच होतं. एका ठोक्याचा हिशेब पुरता व्हायच्या आत दुसरा ठोका पडला, तर उत्तर चुकतं. मग पडद्यावर नको तिथे रंगीत ठिपके येतात, पट्टे उमटतात, गेम बंद पडतो किंवा पडदा काळाठिक्कर होतो. घाबरू नका, बहुतेक वेळा यानं कार्ड जळत नाही. वेग पूर्वीइतका केला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की पथक तालावर येतं.

पण मग कुणीतरी शहाणा सांगतो, "अरे, व्होल्टेज वाढव की!" मुलांना गूळ-शेंगदाणे खाऊ घातल्यासारखंच हे. विजेचा दाब वाढवला की चिपमधले स्विच चटचट बदलतात, हिशेब वेळेत होतो. मात्र उष्णता वाढते ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि ठोक्याची वाढ त्यात वेगळी. ठोका दहा टक्के वाढवला आणि दाबही दहा टक्के वाढवला, तर दाबाचे 1.1 गुणिले 1.1 आणि ठोक्याचा 1.1. आला की नाही आपला 1.331! पंपाचं कारण वेगळं आणि चिपचं वेगळं, तरी खर्च तोच. 3060 कार्डाची ठरवलेली वीज 170 वॅट. कुणी रोखलंच नाही तर ती सव्वादोनशे वॅटच्या पुढे जाईल. आणि त्यातला बराचसा भाग पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिपमधून बाहेर पडायचा!

या खर्चाला मिळतं काय? गेमला 60 चित्रं मिळत असतील तर फार तर 65-66. डोळ्यांना फरक कळेलच असं नाही.

तेव्हाचं वेड खरं होतं

पूर्वी मात्र असं नव्हतं. 1998 मध्ये इंटेलनं सेलेरॉन 300ए नावाचा प्रोसेसर काढला. नावाप्रमाणे तो 300 मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डाचा मूळ ठोका 66 वरून 100 वर नेला की तोच प्रोसेसर 450 वर धावायचा, आणि पुष्कळांचे प्रोसेसर वेगळा त्रास न देता धावले. दीडपट वेग फुकटात! ओव्हरक्लॉकिंगचा नाद जगभरच्या पोरांना लागला, त्यात या प्रोसेसरचा वाटा मोठा.

आता कंपन्याच हुशार झाल्या आहेत. 2012 मध्ये एनव्हिडियाच्या जीटीएक्स 680 कार्डाबरोबर जीपीयू बूस्ट ही सोय आली. कार्ड स्वतःच आपलं तापमान आणि लागणारी वीज बघतं आणि जागा असेल तेवढा ठोका आपणहून वाढवतं. तापलं की पायरीपायरीनं खाली येतं. म्हणजे गव्हर्नर आता चिपच्या आतच बसला आहे. आमचं मत विचाराल तर इथेच सगळी मेख आहे: आजच्या कार्डाला वेग हवा असेल तर ठोक्याच्या मागे लागण्याआधी उष्णतेच्या मागे लागा. कार्ड थंड राहिलं की ते आपोआप थोडं जास्त पळतं.

उष्णता जाते कुठे?

नदीकाठच्या इंजिनांची एक सुंदर युक्ती होती. पंपानं उचललेल्या पाण्यातलंच थोडं पाणी बारीक नळीनं इंजिनाच्या अंगातून फिरवायचं आणि बाहेर सोडून द्यायचं. थंड पाणी आत, कोमट पाणी बाहेर. काही इंजिनांना मात्र पाणी लागत नसे. त्यांच्या अंगावर पातळ पात्यांच्या रांगा असत आणि हवाच त्यांना निववत असे. मोटारसायकलच्या इंजिनावर अशी पाती तुम्ही बघितली असतील.

ग्राफिक्स कार्डात या दोन्ही युक्त्या एकत्र आहेत. चिपवर तांब्याचा ठोकळा टेकवलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यात हवा अडकते. हवेतून उष्णता फारच कष्टानं जाते, तांब्याच्या हजारो पट कमी. म्हणून मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. ठोकळ्यातून तांब्याच्या बंद नळ्या निघतात. त्यात थोडंसं पाणी असतं. ते गरम टोकाला उकळून वाफ होतं, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि परत फिरते. म्हणजे कार्डाच्या पोटात एक छोटा पाऊसच! शेवटी अॅल्युमिनियमची पाती आणि पंखे. उष्णता हवेत गेली.

पण हवा कुठली? तुमच्या खोलीतली. पंखा कितीही गरगरला तरी कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिसेंबरच्या सकाळी खोली वीस अंशांवर असेल आणि गेम खेळताना कार्ड 65 अंशांवर, तर मे महिन्यात खोली 35 वर गेली की तेच कार्ड, तोच गेम, 80 अंशांच्या आसपास. 3060 साठी कंपनीनं कमाल मर्यादा दिली आहे 93 अंश, आणि कार्ड त्याच्या आधीच वेग कमी करायला लागतं. हिवाळ्यात नीट चाललेलं ओव्हरक्लॉकिंग उन्हाळ्यात कोसळतं ते यामुळेच.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा दमट असते, तेव्हा कार्डावर पाणी धरेल का, असं पालक विचारतात. नाही. पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. पंख्यानं थंड होणारं कार्ड हवेपेक्षा गरमच राहतं. स्पर्धेत उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून चिप पळवणाऱ्यांना मात्र ही भीती असते. त्यांना आजूबाजूचा भाग झाकून घ्यावा लागतो. तो प्रकार घरी करायचा नसतो, हे सांगायला नकोच.

मोठ्या यंत्रांनाही हा ताप चुकलेला नाही. पुण्याच्या सी-डॅकनं 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार केला, ते तुम्ही वाचलं असेल. पुण्यातच आयसर संस्थेत 2019 मध्ये परम ब्रह्म बसवला, तेव्हा त्यातल्या प्रोसेसरांची उष्णता थेट द्रव फिरवून काढून नेण्याची व्यवस्था करण्यात आली. नदीकाठच्या इंजिनाच्या अंगात फिरणारं पाणी डोळ्यांपुढे आणा, तत्त्व एकच.

आता हात कसे चालवायचे

आधी घरच्यांना विचारा. कार्ड हजारो रुपयांचं असतं आणि ते बहुधा तुमच्या पैशाचं नसतं! वॉरंटीचा कागद वाचा. ओव्हरक्लॉकिंगनं झालेला बिघाड किंवा सील तोडून उघडलेलं कार्ड वॉरंटीत धरत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. लॅपटॉपवर हा प्रयोग नको, त्यात हवेला जागाच कमी.

मग एक वही घ्या. तापमान, ठोका आणि पंख्याचा वेग दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. एमएसआय आफ्टरबर्नर त्यातला प्रसिद्ध. खोलीचं तापमान लिहा. नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा आणि कार्डाचं तापमान लिहा. काहीही बदलण्याआधीचा हा आकडा फार मोलाचा, कारण पुढची प्रत्येक करामत त्याच्याशीच ताडून बघायची आहे.

दुसरं काम धूळ. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, डबा उघडा आणि मऊ ब्रशानं पाती साफ करा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, फुंकरीनं त्याला गरगरा फिरू देऊ नका. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा उरतो आणि झटका जबर बसतो. कॉम्प्युटरचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला असेल तर बाहेर काढा. पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. एवढ्यानंच तापमान खाली आलेलं दिसेल. कधी कधी तर इथेच थांबावं इतका फरक पडतो.

तिसरं, पडद्याकडे बघा. तो सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा असेल आणि गेम 90 काढत असेल, तर वरची 30 वाया. गेममध्ये 60 ची मर्यादा घाला. कार्ड कमी तापेल, पंखा कमी ओरडेल आणि विजेचं बिलही थोडं उतरेल.

आणि आता तो 1.331 उलटा फिरवून बघा. ठोका दहा टक्के आणि दाबही दहा टक्के कमी केला, तर 0.9 गुणिले 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.729. वेग दहा टक्के गेला, उष्णता 27 टक्के गेली! बऱ्याच चिपांना तर कंपनी गरजेपेक्षा थोडा जास्त दाब देते, कारण एकाच कारखान्यातल्या सगळ्या चिपा सारख्या निघत नाहीत आणि अशक्त चिपही चालली पाहिजे. म्हणून ठोका तोच ठेवून दाब थोडा कमी करता येतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. चुकलं तर गेम बंद पडेल, इतकंच. त्याहून सोपं म्हणजे आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिट शंभरावरून 85 वर आणणं. खेळताना फरक जाणवतो का बघा. बहुतेकांना जाणवत नाही.

एवढं करूनही हौस उरली असेल तर ठोका वाढवा. एका वेळी 15 ते 25 मेगाहर्ट्झ, त्याहून जास्त नाही. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटं खेळा आणि वहीत लिहा. पडद्यावर पहिला चुकार ठिपका दिसला की दोन पायऱ्या मागे या. मेमरीचा ठोका वाढवताना सावध राहा: नव्या मेमरीत चूक झाली तर ती स्वतः दुरुस्त होते, म्हणून पडद्यावर काहीच दिसत नाही, पण त्या दुरुस्तीत वेळ जातो आणि चित्रं उलट कमी होतात. तिथे डोळ्यांवर नाही, वहीतल्या आकड्यांवर भरवसा ठेवा. दाब वाढवण्याची पट्टी आहे तिथेच राहू द्या.

हिवाळ्यात हे केलं असेल तर मे महिन्यात, भर दुपारी, तीच वीस मिनिटं पुन्हा खेळून आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. ठरवलेला ठोका तेव्हा टिकला, तरच तो तुमच्या कार्डाचा.