मोटारसायकल प्रवास, घाटरस्त्यावरील
उष्ण प्रदेशातील डोंगराळ रस्त्यांवरून मोटारसायकलीने केलेला लांब पल्ल्याचा प्रवास. एंजिन, ब्रेक व चालक या तिघांवरही उष्णतेचा भार पडणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. सातपुड्यातील अक्कलकुवा–मोलगी हा देवगोई घाटातून जाणारा मार्ग (जि. नंदुरबार) याचे उदाहरण आहे. काठी येथील राजवाडी होळीसाठी फाल्गुनात या डोंगराळ भागात दूरदूरचे लोक येतात. होळी पहाटे पेटविली जात असल्याने अनेकांना रात्रीच्या जागरणानंतर, वाढत्या उन्हात घाट उतरावा लागतो.

चढण : चढावर एंजिनाला अधिक काम करावे लागते व उष्णता जास्त निर्माण होते, मात्र वेग कमी असल्याने सिलिंडरावरील पंखांना वारा कमी मिळतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये, ताण न देता चढणे व मधूनमधून सावलीत थांबणे इष्ट असते. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी, असा नियम आहे.

उतरण : खरा धोका उतारावर असतो. दोन माणसांसह २५० किग्रॅ. भरणारी मोटारसायकल ५०० मी. खाली उतरताना सु. १२ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या ऊर्जेने ३०° से. तापमानाचे सु. ४ लिटर पाणी उकळीस येईल. हा सर्व भार ब्रेकवर टाकल्यास घर्षण-अस्तर तापून त्याची पकड घटते. द्रवचलित ब्रेकमधील द्रव उकळल्यास तरफ दाबूनही ब्रेक लागत नाही. खालचा गिअर ठेवल्यास एंजिनाचा रोध वेग आवरतो. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास हा रोध नाहीसा होतो. ही सवय घातक आहे.

चालक : हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून (सु. ३५° से.) अधिक झाल्यास वारा शरीरास तापवितो व घाम झपाट्याने सुकवितो. त्यामुळे पाण्याची तूट लवकर जाणवत नाही. अंगभर सैल, हवेशीर कपडे, शिरस्त्राण व तहान लागण्यापूर्वी पाणी ही आवश्यक साधने होत. जागरण झाले असल्यास पुरेशी झोप घेतल्यावरच घाट उतरण्यास निघावे. पेंगुळलेल्या चालकाला वळणाची जाणीव उशिरा होते आणि तोवर ब्रेक लावण्यास अंतर उरलेले नसते.