करातील सवलत आणि मुलांचा सांभाळ

सरकारने करात सूट दिली म्हणजे तिचा लाभ आपोआप प्रत्येक घरी पोहोचतो, असे नाही. दिनांक 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर, मळणी यंत्रे व ठिबक सिंचन संच यांवरील वस्तू व सेवा कर शेकडा 12 वरून शेकडा 5 करण्यात आला. 50,000 रुपये मूळ किमतीच्या ठिबक संचावर पूर्वी 6,000 रुपये कर पडे; आता 2,500 रुपये पडतो. मूळ किंमत तीच राहिल्यास 3,500 रुपये वाचतात. म्हणून किंमत व कर निरनिराळे दाखविणारी पावती शेतकरी बंधूंनी अवश्य मागून घ्यावी.

परंतु ज्यास यंत्र घ्यावयाचेच नाही, त्याच्या पदरात या सवलतीतून थोडेच पडते. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. लहान मूल सांभाळण्यास कोणी नसेल तर आईची मजुरी बुडते किंवा थोरल्या मुलीची शाळा सुटते. अशा कुटुंबास अंगणवाडी हाच खरा आधार होय. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत 6 महिने ते 6 वर्षे वयाच्या मुलांच्या दिवसभराच्या सांभाळाची तरतूद आहे.

ग्राम कार्यकर्त्यांनी स्थलांतरापूर्वीच अशा मुलांची यादी करून ती अंगणवाडी सेविकेस द्यावी, म्हणजे दुसऱ्या गावीही त्यांचा आहार चालू राहण्यास साहाय्य होईल. पाळणाघराची गरज असल्यास ग्रामसभेत ठराव करून तो बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवावा.